खाणीचे देणे आणि कर्बाचा हिशेब

कोळसा काढून झाल्यावर जमिनीत जी पोकळी उरते ती कशाने भरावी, कोणी भरावी आणि कोणाच्या पैशाने भरावी, हा प्रश्न खाणकामगारांच्या चळवळीला नवा नाही. नवे आहे ते त्या प्रश्नाला दिले जाणारे उत्तर. औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्यातून बाहेर पडणारा कार्बन डाय-ऑक्साइड, म्हणजे कर्बवायू, पकडावा. तो राख, सिमेंट किंवा धातुमळी यांच्या लगद्यात मुरवावा. आणि तो लगदा खाणीच्या पोकळीत भरावा, अशी ही कल्पना आहे. पोकळी भरेल, राखेची विल्हेवाट लागेल आणि हवेतला कर्बही जमिनीत परत जाईल, असे तिचे पुरस्कर्ते सांगतात. एका दगडात तीन पक्षी मारण्याचे आश्वासन कोणी दिले, की अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रथम तो दगड कोणाच्या खिशातून आला आणि पक्षी कोणाच्या झोळीत पडणार, हे विचारावे. प्रस्तुत लेखात तेवढेच करावयाचे आहे.

धारणीसारख्या ठिकाणी बसून या विषयावर लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. मेळघाटात कोळशाची खाण नाही, हे खरे. परंतु सातपुड्याच्या पलीकडच्या अंगाला, बैतूल जिल्ह्यात, पाथाखेड्याच्या भूमिगत खाणी आणि सारणीचे वीजकेंद्र आहे. अकोला जिल्ह्यात पारसचे ५०० मेगावॉटचे सरकारी केंद्र आहे, तर अमरावतीजवळ नांदगावपेठेस १३५० मेगावॉटचे खाजगी केंद्र आहे. ज्या काळ्या पाषाणावर हा तालुका वसलेला आहे तो पाषाणही कर्बवायू गाडण्याच्या दृष्टीने शास्त्रज्ञांच्या नजरेत भरलेला आहे. कर्बाचा बाजार सुरू झाला, की जंगल हीदेखील त्या बाजारातली वस्तू होते. तेव्हा हा विषय आपल्या दारापर्यंत आलेला आहे.

सरकारी पातळीवरही तो केवळ चर्चेचा राहिलेला नाही. नीती आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्बवायू पकडणे, वापरणे व साठवणे यांविषयीच्या धोरणाची चौकट प्रसिद्ध केली. मुंबईच्या आयआयटीत या विषयाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र मंजूर झाले आहे. २०२३ साली केंद्र सरकारने कर्बपतांच्या, म्हणजे कार्बन क्रेडिटच्या, खरेदी-विक्रीची योजना अधिसूचित केली. संशोधन, अनुदान आणि बाजार अशी तिन्ही अंगे सिद्ध होत असताना कामगार संघटनांनी व ग्रामसभांनी मात्र या विषयाकडे तज्ज्ञांची बाब म्हणून पाहावे, हे योग्य नव्हे.

भराव हे जुने देणे आहे

भूमिगत खाणीत कोळशाचे खांब ठेवून त्यांच्या आधाराने छत पेलले जाते. पुढे ते खांबही काढावयाचे असतील, तर मोकळी झालेली जागा रेतीने भरावी लागते. नाहीतर छत कोसळते, वरची जमीन खचते, आणि आत राहिलेला कोळसा हवा लागून पेट घेतो. रेती पाण्याबरोबर नळाने खाली सोडण्याच्या या कामाला खाणकामगार स्टोइंग म्हणतात. हे काम खर्चाचे आहे आणि त्यातून एक टोपलीदेखील जादा कोळसा त्या दिवशी निघत नाही. म्हणूनच खाजगी मालकांनी ते सदैव टाळले.

झरियाच्या कोळसापट्ट्यात १९१६ पासून आग धुमसते आहे. १९३६ साली राणीगंज पट्ट्यातील पोईडीह खाणीत स्फोट होऊन दोनशेहून अधिक कामगार प्राणास मुकले. बरोज यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने कोळशाच्या धंद्याची तपासणी केली आणि या धंद्यात नफ्याला पहिले स्थान असून सुरक्षितता व राष्ट्रहित फार मागे पडले आहेत, अशा आशयाचा निष्कर्ष काढला. ती समिती समाजवाद्यांची नव्हती, परकीय सरकारची होती. तिच्या शिफारशींनंतर १९३९ साली स्टोइंगचा कायदा झाला. कोळशावर उपकर बसवावा आणि त्या पैशातून पोकळ्या भरण्यास साहाय्य करावे, हे त्याचे सूत्र होते. पुढे १९५२ आणि १९७४ च्या कायद्यांनी ते सूत्र चालू ठेवले, त्यात कोळशाच्या जतनाचीही भर घातली.

या इतिहासाचा अर्थ समजून घेतला पाहिजे. खाण मालकाच्या हिशेबवहीत कोळशाची किंमत असते, खचलेल्या जमिनीची नसते. अर्थशास्त्रज्ञ कॅप यांनी १९५० साली आपल्या ग्रंथात खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चाचा जो विचार मांडला, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही. उत्पादनाचा खर्च मालक टाळतो, म्हणजे तो खर्च नाहीसा होतो असे नव्हे. तो कामगाराच्या जिवावर, शेतकऱ्याच्या विहिरीवर आणि पुढच्या पिढीच्या माथी पडतो. स्टोइंगचा उपकर हा त्या टाळलेल्या खर्चाची अल्पशी वसुली होती.

मे १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले. मालक बदलला, पण उत्पादनाच्या उद्दिष्टापुढे भरावाचे काम दुय्यम मानण्याची सवय पुरती बदलली नाही. भूमिगत खाणींपेक्षा उघड्या खाणी स्वस्त पडतात म्हणून त्या वाढत गेल्या. त्यांच्याभोवती मातीमुरुमाचे डोंगर उभे राहिले आणि मध्ये पाण्याने भरलेले खड्डे. २००९ साली केंद्र सरकारने खाण बंद करण्याच्या आराखड्याचे नियम केले आणि उघड्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख रुपये वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन घातले. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा स्टोइंगसाठीचे जुने उत्पादनशुल्क मात्र रद्द झाले. २०२० पासून खाजगी कंपन्यांना कोळसा काढून मोकळ्या बाजारात विकण्यासाठी पट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. ज्या मालकवर्गाने भराव टाळला म्हणून कायदा करावा लागला, तोच वर्ग खाणीत परत येत असताना भरावासाठीची स्वतंत्र वसुली संपलेली होती. या दोन घटनांचा एकत्र विचार व्हावयास हवा होता. तो झाला नाही.

देणे थकले म्हणजे काय होते, हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसने पाहिले आहे. २६ ऑगस्ट २०२२ रोजी तेथील आमराई वॉर्डातील एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. वस्तीखाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. शेजारच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. ज्यांनी तो कोळसा काढला, ज्यांनी तो जाळला आणि ज्यांनी त्याची वीज वापरली, त्यांपैकी कोणाचेही घर त्या खड्ड्यात गेले नाही.

तंत्र खोटे नाही

आता कर्बवायूकडे वळू. टीका करावयाची म्हणून तंत्राला खोटे ठरवण्याचे कारण नाही. चुना आणि कर्बवायू एकत्र आले, की त्यांचा चुनखडक होतो. घराला लावलेला चुना घट्ट होतो तो याच क्रियेने. राखेत, सिमेंटमध्ये, पोलादाच्या धातुमळीत चुना असतो. ओलावा आणि योग्य दाब मिळाला तर हे पदार्थ कर्बवायू शोषतात आणि त्याचा दगड करतात. असा दगड झालेला वायू पुन्हा उडून जात नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातील माउंट कीथ या निकेलच्या खाणीत मॅग्नेशियमयुक्त दगडाचा चुरा उघड्यावर पडून राहतो, आणि कोणी काही न करता तो वर्षाला सुमारे ४० हजार टन कर्बवायू हवेतून ओढून घेतो, असे तेथील अभ्यासात आढळले आहे. भरावाचा लगदा कर्बवायूने लवकर घट्ट होतो, असेही प्रयोगांत दिसते. सिमेंटचा खर्च त्यामुळे काहीसा कमी होऊ शकतो.

राख खाणीत भरणे ही गोष्टही आपल्या देशात नवी नाही. ओडिशातील तालचेरच्या वीजकेंद्राची राख दक्षिण बलंदा या रिकाम्या खाणीत भरली गेली. राखेच्या विनियोगाची पहिली अधिसूचना १९९९ ची. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राखेचा पूर्ण विनियोग बंधनकारक केला, न वापरलेल्या राखेवर टनाला एक हजार रुपये भरपाई ठरवली, आणि खाणीची पोकळी भरणे हा मान्य विनियोग मानला. हे आवश्यकच होते. कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राख-तलावाचा बांध जुलै २०२२ मध्ये फुटला, तेव्हा राखेचा चिखल शेतांत आणि नाल्यांत पसरला. राख उघड्यावर साठवणे हा पर्याय नव्हे, एवढे त्या पावसाळ्याने सिद्ध केले.

तेव्हा राखेचा भराव व्हावा, याला आमचा पाठिंबाच आहे. वाद आहे तो त्या भरावाला कर्बसाठ्याचे नाव देऊन त्यावर पत आणि अनुदान मागण्याविषयी. त्यासाठी थोडे गणित करावे लागेल. ते कोणत्याही कार्यकर्त्याला कागदावर मांडून पाहता येईल.

एका केंद्राचे गणित

पारसचे ५०० मेगावॉटचे केंद्र घ्या. ते वर्षभरात क्षमतेच्या सत्तर टक्के चालले असे मानू. सुमारे ३०६ कोटी युनिट वीज होईल. आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट विजेमागे साधारण एक किलो कर्बवायू बाहेर पडतो. म्हणजे वर्षाला ३० लाख टन. युनिटमागे पाऊण किलो कोळसा धरला तर २३ लाख टन कोळसा जळेल. त्यात पस्तीस टक्के राख धरली तर ८ लाख टन राख उरेल.

आता या राखेत किती कर्बवायू मुरेल? आपल्याकडच्या दगडी कोळशाच्या राखेत प्रामुख्याने वाळूचे व मातीचे घटक असतात. चुना फार थोडा असतो. तो तीन टक्के धरू. ८ लाख टनांत २४ हजार टन चुना झाला. ५६ भाग चुना ४४ भाग कर्बवायू घेतो, हा रसायनशास्त्राचा नियम. म्हणजे त्यातला कण न् कण कामी आला तरी १९ हजार टन कर्बवायू मुरेल. प्रत्यक्षात बराचसा चुना राखेच्या काचेसारख्या कणांत अडकलेला असतो, तो एवढाही कामी येत नाही. ३० लाख टनांपैकी १९ हजार टन! शंभर टनांमागे पाऊण टनही नाही. चुन्याचे प्रमाण दुप्पट धरले तरी दीड टनाच्या पुढे जाता येत नाही.

लगद्यात सिमेंट मिसळले तर आकडा वाढतो, हे खरे. पण सिमेंटमधला चुना येतो कोठून? चुनखडक भाजूनच येतो, आणि भाजताना त्यातला कर्बवायू हवेत जातो. कोरपना-गडचांदूरच्या भट्टीतून जो वायू बाहेर पडला तोच वणीच्या खाणीत परत मुरवला, तर त्यात नवे काही साठले नाही. घेतलेल्या उसनवारीतला काही भाग फेडला, एवढेच. भट्टी तापवण्यासाठी जाळलेल्या कोळशाचा वायू तर आणखी वेगळा.

मग वायू मुरवायचा नाही, नुसताच पोकळीत किंवा भरावाच्या फटींत साठवायचा, असे म्हटले तर? एक टन कोळसा जमिनीतून काढला, की साधारण दोनतृतीयांश घनमीटर पोकळी होते. तो जाळल्यावर सुमारे १.३ टन कर्बवायू तयार होतो, कारण कोळशातल्या कर्बाला हवेतला प्राणवायू येऊन मिळतो. साध्या दाबाखाली तेवढा वायू त्या पोकळीच्या हजारपट जागा व्यापतो. दाबून द्रवासारखा दाट केला तरी तिप्पट जागा लागते. आणि तसा दाट ठेवण्यास सामान्यतः आठशे मीटरपेक्षा अधिक खोली हवी. वर्धा खोऱ्यातील खाणी याहून पुष्कळ उथळ आहेत. शेवटी त्याचा शुद्ध चुनखडक केला असे मानले, तरी तो खडक मूळ पोकळीच्या दीडपटीहून मोठा होतो. सारांश, कोळसा एकदा बाहेर काढून जाळला, की त्याचा कर्ब त्याच खड्ड्यात परत मावत नाही. हे कोणत्याही सरकारच्या धोरणाने बदलणारे नाही.

याउलट राखेचे पाहा. त्या २३ लाख टन कोळशामागे १५ लाख घनमीटर पोकळी झाली, आणि ८ लाख टन राख दाबून भरली तर तिने निम्म्याच्या आसपास जागा व्यापली. भराव म्हणून राखेचे मोल खरे आहे. कर्बाचे कोठार म्हणून ते जवळजवळ शून्य आहे. नेमकी हीच तफावत झाकून ठेवून दोन गोष्टी एकाच नावाखाली विकण्याचा धोका आहे.

यात सुरक्षिततेचा प्रश्न मिसळलेला आहे. कर्बवायू हवेपेक्षा जड असतो, सखल जागी साचतो आणि माणसाला गुदमरवतो. खाणकामगाराला हे पुस्तकात वाचावे लागत नाही. १९८६ साली कॅमेरूनमधील न्योस सरोवरातून असा वायू नैसर्गिक रीतीनेच उसळला आणि एका रात्रीत सतराशेहून अधिक माणसे मेली. भेगाळलेल्या जुन्या खाणींवर वस्त्या असताना तेथे दाबाखाली वायू साठवण्याचा विचार घुग्घुसच्या अनुभवानंतर कोणी मनात आणू नये.

काळा पाषाण आणि पाणी

खाणीत मावत नसेल तर दख्खनच्या काळ्या पाषाणात गाडू, हा पुढचा युक्तिवाद आहे. आइसलँडमध्ये पाण्यात विरघळवलेला कर्बवायू अशाच पाषाणात सोडला असता दोन वर्षांच्या आत त्यातला पंचाण्णव टक्के दगड झाला, हे २०१६ साली प्रसिद्ध झाले. तो प्रयोग अस्सल आहे. दख्खनचा पाषाण तर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. मेळघाटचे डोंगर त्याचाच भाग.

पण आइसलँडमध्ये एक टन वायूसाठी सुमारे २५ टन पाणी लागले. पारसच्या ३० लाख टनांना याच प्रमाणात साडेसात कोटी टन, म्हणजे वर्षाला ७५ दलघमी पाणी लागेल. हे पाणी वऱ्हाडात कोठून आणणार? पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा पिण्याच्या गोड पाण्यासाठी आजही झगडतो आहे. नांदगावपेठेच्या वीजकेंद्राला, ज्याला लोक सोफिया म्हणून ओळखतात, अप्पर वर्धा धरणाचे सिंचनाचे पाणी देण्याविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेले आंदोलन आपल्या कार्यकर्त्यांना आठवत असेलच. खारे पाणी वापरण्याचे प्रयोग चालू आहेत, ते यशस्वी होवोत. परंतु ज्या पाषाणाच्या फटींतले पाणी उपसून गावे जगतात, त्याच फटींत काही सोडावयाचे तर परवानगी मंत्रालयाची नव्हे, त्या गावांची लागली पाहिजे.

वायू पकडण्याचा खर्चही विचारात घ्यावा. धुरातून तो वेगळा करून दाबण्यास केंद्राच्या विजेचा चौथ्या हिश्श्याच्या आसपास भाग खर्ची पडतो. तेवढी वीज भरून काढण्यास पुन्हा कोळसा जाळावा लागतो, म्हणजे पुन्हा खाण आणि पुन्हा राख. कॅनडातील बाउंडरी डॅम येथे सव्वाशे मेगावॉटपेक्षा लहान संचावर २०१४ साली हे तंत्र बसवले. त्याचा खर्च सुमारे दीड अब्ज कॅनेडियन डॉलर झाला, आणि पकडलेला बराचसा वायू तेलविहिरींतून आणखी तेल काढण्यासाठी विकला गेला. ते तेल जाळल्यावर काय होते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

पैसा कोणाचा, पत कोणाची

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. खाणीची पोकळी भरणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. राखेची विल्हेवाट लावणे हेही कर्तव्य आहे. ही दोन कर्तव्ये पार पाडताना त्या राखेत थोडा कर्बवायू मिसळला, आणि त्या आधारावर कर्बपत बाजारात विकण्यास परवानगी मिळाली, तर काय होईल? जे करणे बंधनकारक होते त्याचेच मोल वसूल होईल. ऋणकोने हप्ता फेडला म्हणून त्याला बक्षीस द्यावे, तसा हा प्रकार. त्याहून वाईट म्हणजे ती पत विकत घेणारा दुसरा कारखाना तेवढाच वायू हवेत सोडण्यास मोकळा होईल. पोकळी एकदाच भरली जाईल, पण तिचा हिशेब दोनदा मांडला जाईल.

सार्वजनिक पैशाचा अनुभवही उत्साहवर्धक नाही. २०१० साली कोळशावर टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. नाव स्वच्छ ऊर्जेचे होते. २०१७ मध्ये त्याचे रूपांतर राज्यांना द्यावयाच्या कर-भरपाईच्या उपकरात झाले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तोही संपला. खाणीच्या तोंडाशी गोळा झालेला हा पैसा खाणीच्या काठावरच्या गावांसाठी राखून ठेवला गेला नाही. आता तंत्राच्या नावाने नवे अनुदान द्यावयाचे असेल, तर आधीच्या वसुलीतून घुग्घुसला, वणीला, उमरेडला काय मिळाले, याचा ताळेबंद प्रथम मांडला पाहिजे.

आणि येथे मेळघाटचाही संबंध येतो. १९७४ साली येथे व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून कोरकू समाजाला जंगलाच्या रक्षणाची किंमत मोजावी लागली आहे. गावे उठली, चराई गेली. २००६ च्या वनाधिकार कायद्याने जो सामूहिक हक्क मान्य केला, तो बजावण्यासाठी गावोगाव खेटे घालावे लागले. हे जंगल कोणतेही यंत्र न लावता कर्बवायू शोषते. त्याला राखणाऱ्या ग्रामसभेने हक्काचा कागद मागितला तर पुराव्यांवर पुरावे मागितले जातात, आणि शंभरातला पाऊण टन वायू मुरवणाऱ्या कंपनीला मात्र पत देण्यासाठी बाजार उभारला जातो. ग्रामसभेने उद्या आपले जंगल त्या बाजारात विकावे, असे मला म्हणावयाचे नाही. तोही मार्ग धोक्याचाच आहे. कर्बाच्या राजकारणात पुरावा कोणाकडून मागितला जातो आणि विश्वास कोणावर टाकला जातो, एवढे लक्षात आणून द्यावयाचे आहे.

दोन रास्त आक्षेप

काही मित्र म्हणतील, कोळसा उद्या बंद होणार नाही. वीजकेंद्रे अजून काही दशके चालणार. मग थोडा का होईना, वायू मुरतो तर मुरू द्यावा. मुरू द्यावा, अवश्य. भरावाची ताकद वाढत असेल, सिमेंट वाचत असेल, तर अभियंत्यांनी तो जरूर मुरवावा. फक्त त्या पाऊण टनाच्या जोरावर उरलेल्या नव्व्याण्णव टनांना स्वच्छतेचा दाखला देऊ नये, आणि नव्या केंद्राचे समर्थन करू नये. सिमेंट आणि पोलाद यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. चुनखडक भाजल्याशिवाय सिमेंट होत नाही. तेथे वायू पकडण्याला खरा अर्थ आहे, आणि चुना भरपूर असलेल्या धातुमळीत तो मुरवण्यालाही आहे. संशोधनाचा सार्वजनिक पैसा तिकडे वळावा.

दुसरा आक्षेप कामगारांचा. खाणी बंद होतील तर आम्ही काय करावे? या प्रश्नाला टाळणारा समाजवादी हा समाजवादी नव्हे. आणि येथेच भरावाचे महत्त्व आहे. पोकळ्या भरणे, ढिगारे सपाट करणे, वरची माती परत पसरणे, झाडे लावून जगवणे, भूजल तपासत राहणे, ही वर्षानुवर्षे पुरणारी कामे आहेत आणि ती खाणकामगारच उत्तम करू शकतो. वेकोलिने गोंडेगाव व भानेगाव येथे खाणीच्या ढिगाऱ्यातून रेती वेगळी करून ती घरबांधणीला पुरवली. म्हणजे भरावासाठी आणि बांधकामासाठी नदी ओरबाडण्याची सक्ती नाही, हे सार्वजनिक कंपनीनेच दाखवून दिले आहे. खाण उघडताना जेवढी माणसे लागली, तेवढीच मिटवतानाही लागावीत, अशी योजना आखता येते. ती आखली जात नाही, कारण मिटवण्याच्या कामातून विकण्यासारखे काही निघत नाही. कर्बपतेची ओढ निर्माण झाली आहे ती याच कारणाने: भरावातून विकण्यासारखे काहीतरी निघावे म्हणून.

आपण काय मागावे

आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. विदर्भातील प्रत्येक जुन्या भूमिगत खाणीचा नकाशा, तिच्यावरील वस्त्यांसह, मराठीत प्रसिद्ध व्हावा आणि ग्रामपंचायतीत लावला जावा. वस्तीखालच्या पोकळ्या प्रथम भराव्यात, मग त्यात कर्ब मुरो वा न मुरो. त्यासाठी कोळशावर स्वतंत्र उपकर पुन्हा बसवावा आणि तो त्याच कामाला बांधलेला असावा. सरकारी व खाजगी खाणींना तो सारखाच लागू असावा. कायद्याने बंधनकारक असलेल्या भरावावर कोणतीही कर्बपत देऊ नये. राख भरण्यापूर्वी आणि नंतर आसपासच्या विहिरींचे पाणी तपासून त्याचे आकडे ग्रामसभेपुढे ठेवावेत, कारण राखेतील विषारी धातू भूजलात उतरण्याचा धोका खरा आहे. कोणत्याही ठिकाणी कर्बवायू जमिनीत सोडावयाचा तर ग्रामसभेची संमती आणि खाणकामगार संघटनेचा देखरेखीतला सहभाग अनिवार्य असावा. आणि पन्नास वर्षांनंतर गळती झाली तर जबाबदार कोण, हे करारात आजच लिहिलेले असावे. कंपन्या विकल्या जातात, विलीन होतात, दिवाळखोर होतात. गाव मात्र तेथेच राहते.

या मागण्यांसाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. पारसचे गणित वर दिले आहे. प्रत्येक जिल्ह्यातल्या कार्यकर्त्याने आपल्या भागातल्या केंद्राचे आकडे माहितीच्या अधिकारात मिळवावेत, ते त्याच रीतीने मांडावेत आणि जाहीर सभेत लोकांपुढे ठेवावेत. पुढे जेव्हा कोणी खाणीच्या काठावर येऊन कर्ब जमिनीत परत घातल्याचे सांगेल, तेव्हा गावकऱ्यांनी त्याला दोनच प्रश्न विचारावेत: किती टनांपैकी किती, आणि आमच्या घराखालची पोकळी भरली का?